डब्याची किल्ली

कालिसारी, मंगळवार क्लिवोन, ९ जुलै २०१९

दिक गुनार्तो,

केला. बंद करून परत चालू केला. परवा केला, काल केला, आज सकाळी चूल पेटवायच्या आधी केला. दिवे लुकलुकतात, हिरवे होतात, आणि फोन मुका तो मुकाच. आता पुन्हा "राउटर रिस्टार्ट कर" असा निरोप आला तर डबा उचलून ओढ्यात टाकीन, सांगून ठेवते.

आणि निरोप शेजारच्या मार्सिहच्या फोनवर पाठवत जाऊ नकोस. तिने तो माझ्या टपरीसमोर सगळ्या बायकांत मोठ्याने वाचला. "सुपार्ती, तुझ्या धाकट्या भावाने सांगितलंय, डब्याला झोपव आणि उठव!" वर म्हणते, "कडेवर घेऊन थोपट जरा, रडत असेल." सगळ्या हसल्या. मी तेलातल्या तेंपेच्या सोयावड्या उलटत बसले.

डबा माझ्या कपाटावर. अख्ख्या कालिसारीच्या तारा माझ्या भिंतीतून जातात. मार्सिहचा फोन लागतो, मशिदीच्या खादिमाचा लागतो, बटाटे भरायला येतो त्या ड्रायव्हरचासुद्धा लागतो. माझाच लागत नाही. हे कुठलं शास्त्र?

टॉवरचा सिग्नल आमच्या डोंगराच्या अलीकडे येत नाही, म्हणून तू बातामहून रजा काढून आलास, टेकडीवर ती थाळी बसवलीस. मोठ्या तोंडाने थोरल्या बहिणीला म्हणालास, "म्बाक, आता लास्त्री सिंगापूरला कामाला गेली तरी शेजारच्या खोलीत आहे असं समजा." कुठली खोली? पोर लेबारानच्या ईदेला बोलली. रडत होती, मी म्हटलं, परक्या घरी गेलेल्या सगळ्याच रडतात. पुढच्या रविवारी पुन्हा बोलली. त्यानंतर काही नाही. तिची मालकीण फोन रविवारीच हातात देते, म्हणून मी दर रविवारी फोन मांडीवर घेऊन बसते. तंबाखूची पानं खुडायला आली आहेत, मुकादम ओरडतो, तरी बसते.

मार्सिह विचारते, लास्त्री बरी आहे ना? मी म्हणते, मजेत आहे, कालच बोलली. पोर आईला विसरली हे गावाला कळू द्यायचं नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे, आणि तूही कागदावरच लिही. टपाल तंबाखूच्या ट्रकबरोबर उशिरा येतं, पण येतं.

मी चौथीपर्यंत शिकले. तू कचेऱ्यांचे संगणक जोडतोस. तर नीट समजेल असं सांग. राउटर म्हणजे काय, तो आत काय करतो, आणि माझ्याशीच त्याचं काय वाकडं आहे?

सुपार्ती

•

बाताम, १५ जुलै २०१९

आदरणीय म्बाक,

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. राउटर रुसत नाही. यंत्राला राग-लोभ नसतो.

पारकानच्या तिठ्यावर पोलीस उभा असतो तो आठवा. गाडीवरची पाटी वाचतो आणि हात दाखवतो: तू डावीकडे, तू उजवीकडे. राउटर म्हणजे तोच. तुम्ही फोनवर बोललात की बोलणं अखंड जात नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आकडा लिहिलेला असतो, तो आयपी अॅड्रेस. राउटर आकडा वाचतो आणि तुकडा पुढे ढकलतो. पलीकडे पोचले की तुकडे पुन्हा सांधले जातात आणि तुमचा आवाज तयार होतो.

लिहिलेला निरोप मात्र थेट फोनवर येत नाही. तो आधी सर्व्हरवर जातो. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी असलेलं मोठं गोदाम. तुमचा फोन जोडला गेला की तो गोदामातून आपला माल उचलतो. माल तिथे कायम राहत नाही हे खरं, महिनाभर कुणी नेला नाही तर टाकून देतात. पण तशी वेळ येणार नाही.

मला वाटतं अडचण बँडविड्थची आहे. एकाच नळीला फार तोट्या लावल्या की शेवटच्या तोटीला पाणी येत नाही. मार्सिहबाई दिवसभर मालिका बघतात असं तुम्हीच म्हणाला होतात.

एक विनंती. डब्याच्या मागे एक बारीक भोक आहे, त्यात सुई घालू नका. त्याला रीसेट म्हणतात. सुई दाबली की यंत्र सगळं विसरतं, नुकतं जन्मल्यासारखं होतं, आणि मग मला इथून काहीच करता येणार नाही.

लास्त्रीची काळजी करू नका. कामात असेल. पहिल्या वर्षी पोरी कमीच बोलतात.

तुमचा धाकटा,
गुनार्तो

•

कालिसारी, मंगळवार वागे, २३ जुलै

दिक गुनार्तो,

तुझ्या नळीपायी मी भांडण विकत घेतलं.

मार्सिहची तार कापली. विळ्याने. तू लिहिलंस ना, तोट्या फार झाल्या. ती धावत आली, हात ओले, पदराला पीठ. "वेडी झालीस का? माझा नवरा जहाजावर आहे, त्याचा फोन याच तारेवर येतो!" मी म्हटलं, तुझ्या मालिकांनी माझी नळी कोरडी पडली. ती म्हणाली, "नळी? तुझ्या डोक्यातली नळी तुंबली आहे, सुपार्ती." बावीस घरांनी ऐकलं. आता ती माझ्या टपरीवरून जाते ते दुसरीकडे तोंड करून.

आणि तार कापून काय झालं? काही नाही. नळी मोठी झाली असेल, पाणी कुठं आहे? परवाचा रविवारही कोरडा गेला.

पोलिसाचं समजलं. पण तिठ्यावरचा पोलीस सगळ्यांच्या गाड्या सोडतो आणि एकाचीच अडवतो, असं कधी होतं? तेव्हाच होतं, जेव्हा त्याला कुणी सांगून ठेवलेलं असतं. हे मी पारकानच्या बाजारात डोळ्यांनी बघितलं आहे.

तू म्हणतोस इथून बघता येतं. मग बघ. डब्याला तिथून हाक मार आणि तो ओ देतो का ते मला कळव.

आणि लास्त्री कामात आहे हे तुला कुणी सांगितलं?

सुपार्ती

•

बाताम, ३० जुलै २०१९

आदरणीय म्बाक,

तार कापायला मी सांगितलं नव्हतं. मार्सिहबाईंची तार आजच्या आज जोडून घ्या. रंगाला रंग लावून पिळा, वर टेप गुंडाळा.

तुम्ही म्हणालात तशी हाक मारली. आमच्याकडे त्याला पिंग म्हणतात. खोऱ्याच्या या टोकाला उभं राहून "हो!" म्हणायचं आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो ते मोजायचं. प्रतिध्वनी आला नाही तर पलीकडे कुणी नाही, किंवा आहे पण उत्तर द्यायचं नाही असं ठरवून बसलं आहे. तुमच्या डब्याने लगेच ओ दिली. म्हणजे डबा चांगला आहे.

मग दोष फोनचा. फोनच्या आत एक ऑपरेटिंग सिस्टिम असते. तिला घरची मोठी सून समजा. चुलीवर कुणाचं भांडं आधी, पाणी कुणाला, कोण उठणार, कोण झोपणार, हे सगळं ती ठरवते. बाकीची अॅप्स म्हणजे घरातली माणसं, तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. तुमच्या फोनमधली ही सून जुनी झाली. नवी अॅप्स तिचं ऐकत नाहीत. अपडेट म्हणजे तिला नवी रीत शिकवणं, पण इतक्या जुन्या फोनला आता ते मिळत नाही.

तोपर्यंत कॅशे पुसून बघा. कॅशे म्हणजे हाताशी ठेवलेल्या अर्ध्या वापरलेल्या वस्तू, पुन्हा कपाटापर्यंत जावं लागू नये म्हणून. फार साठल्या की अडगळ होते.

लास्त्रीला कामाला लावणाऱ्या एजन्सीत विचारलं होतं. ठीक आहे म्हणाले. एजन्सीचे संगणक माझ्याकडेच असतात, त्यामुळे ओळख आहे.

गुनार्तो

•

कालिसारी, शुक्रवार लेगी, ९ ऑगस्ट

दिक गुनार्तो,

कॅशे पुसली. तू लिहिलंस त्या त्या ठिकाणी बोट लावलं. काही झालं नाही.

आता तुझ्या मोठ्या सुनेचं ऐक. मार्सिहची तार जोडायला गेले. तिने दारातच विचारलं, "विळा आणलास का बरोबर?" मी गुमान वर चढले, तार पिळली, टेप लावली. खाली आले तेव्हा तिच्या नवऱ्याचा फोन वाजत होता. ती धावली आणि मी तिचा फोन बघितला. काच तडकलेली, रबर लावून बांधलेला. माझ्याआधी एक वर्ष घेतलेला, त्याच दुकानातून, तोच. तिची सून माझ्या सुनेहून म्हातारी, दिक. आणि ती नवऱ्याचं तोंड दाखवते, हसणं ऐकवते.

तर सून जुनी हे खोटं. बँडविड्थ खोटी. कॅशे खोटी. तू शिकलेला आहेस, तुझी चूक होईल एकदा. सारखी सारखी होते म्हणजे काय समजायचं?

दुसरं. मी डब्याच्या पाठीवर लिहिलेला आकडा फोनमध्ये घातला, तर एक पान उघडलं. ते म्हणतं, "अॅडमिनचा पासवर्ड लिहा." हा अॅडमिन कोण? माझ्या घरात राहतो, माझी वीज खातो, आणि मला त्याचं नाव ठाऊक नाही?

आणि सगळ्यात आधी हे. बातामच्या धक्क्यावरून सिंगापूर दिसतं असं तूच सांगायचास. होडीने तासाभराची वाट. एका रविवारी जा आणि पोरीला विचार, आईवर कसला राग धरलास?

सुपार्ती

•

बाताम, १६ ऑगस्ट २०१९

आदरणीय म्बाक,

चिडू नका. अॅडमिन मीच आहे.

प्रत्येक यंत्रात दोन जातीची माणसं असतात. अॅडमिन म्हणजे ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या. यूजर म्हणजे वापरणारा: त्याने बसावं, वापरावं, पण भिंती पाडू नयेत. तुम्ही यूजर आहात. यात अपमान नाही. मोठमोठ्या कंपन्यांचे मालकही यूजरच असतात. किल्ली हातात असली की माणूस नको तिथे बोट लावतो आणि सगळ्यांचं बंद पडतं.

शिवाय डब्यात फायरवॉल आहे. फाटकावरचा राखणदार म्हणा. त्याच्या हातात यादी असते, कुणाला सोडायचं, कुणाला नाही. यादी अॅडमिन लिहितो. ती नसेल तर बाहेरचे चोर आत येतील. हे सगळं तुमच्या रक्षणासाठी आहे, म्बाक.

डिसेंबरात रजा मिळेल तेव्हा येतो आणि सगळं बघतो. तोवर धीर धरा. होडीने जाणं वाटतं तितकं सोपं नाही, परवानगीचे कागद लागतात, रविवारी मला ड्युटी असते.

लास्त्री जरा हट्टी झाली आहे, पण वयच तसं आहे. तिला करार पुरा करू द्या. नंतर तीच आभार मानेल.

गुनार्तो

•

कालिसारी, सोमवार पोन, २६ ऑगस्ट

गुनार्तो,

करार पुरा करू द्या? तो मोडायची गोष्ट कुणी काढली होती? मी नाही काढली. मग कुणी? तुझं पत्र त्या ओळीपाशी धरून मी बराच वेळ बसले. उत्तर तुझ्याकडून यायच्या आधीच मिळालं.

शनिवारी मला पानं लागली. दव असताना ओल्या तंबाखूत हात घातला की होतं ते: भोवळ, उलट्या. मार्सिहने मला मोटारसायकलवर बसवून पारकानच्या आरोग्य केंद्रात नेलं. मी म्हटलं, तू तर माझ्याशी बोलत नाहीस. "बोलत नाहीच," म्हणाली. "घट्ट धर आणि गप्प बस. मेलीस तर माझी तार कोण कापेल?"

तिथे बाकावर बसवून सलाईन लावलं. आरोग्य केंद्रात फुकट वायफाय आहे, भिंतीवर पासवर्ड लिहिलेला. मार्सिहने तिच्या नवऱ्याला कळवायला स्वतःचा फोन जोडला, आणि त्याच हाताने माझाही जोडला.

माझा फोन हातात थरथरायला लागला, गुनार्तो. थांबेना. बाकावरच्या बायका बघायला लागल्या. तोच फोन. तीच जुनी सून.

लास्त्री. सगळे लास्त्रीचे. मी हळू वाचते, मार्सिहने वाचून दाखवले. या वेळी मोठ्याने नाही, माझ्या कानाशी. तूही वाच. मी अक्षर न अक्षर उतरवून काढलं आहे.

जुलै संपतानाच्या रविवारी: "आई, हाताचा फोटो पाठवला होता तो बघितलास ना? आता फोड सुकलेत. झोपायला अजून मोरीपाशीच आहे. मी आणखी काही मागत नाही, फक्त ये म्हण."

त्यानंतरच्या रविवारी: "मामाला म्हटलं मला घरी ने. तो म्हणतो आईला विचार, ती हो म्हणाली तर लगेच नेतो. म्हणून विचारते. हो की नाही, एवढंच लिही."

बकरी ईदेला: "आज तरी बोल. मामा म्हणतो तू चिडलीस, करार मोडायचं नाव काढलं म्हणून. शिव्या दे, पण बोल."

आणि अठरा ऑगस्टला: "कळलं, आई. तू उत्तर दिलं नाहीस हेच उत्तर. इथल्या एका बाईने दुसरीकडे काम सांगितलं आहे. पासपोर्ट मालकिणीकडे राहू दे. आता नाही विचारणार."

मी तिथेच बाकावरून लिहिलं: ये. ये. ये. तीनदा लिहिलं. तिच्यापर्यंत पोचत नाहीत. फोन लावला तर बाई बोलते, हा क्रमांक बंद आहे. मार्सिहच्या फोनवरून लावला, बंद आहे. सलाईन संपलं तरी आम्ही उठलो नाही.

घरी आले. फोन डब्याच्या घरात शिरला आणि मेला. तेव्हा मी तुझी पत्रं पुढ्यात घेतली. फोन चांगला, कारण पारकानात चालतो. डबा चांगला, कारण तुझ्या हाकेला ओ देतो आणि अख्खं गाव त्यावर बोलतं. मग उरला फाटकावरचा राखणदार. त्याच्या हातात यादी. यादी लिहितो अॅडमिन. अॅडमिन कोण ते तू स्वतःच्या हाताने लिहून दिलंस.

माझ्या घरात माझ्या पोरीला दार लावलंस. आणि बाहेर तिला सांगितलंस, जा, आईचं दार ठोठाव.

फोटो मला मिळाला नाही. गोदामाने टाकून दिला असेल, महिना झाला असेल. तिच्या हाताला काय झालं होतं? तुला ठाऊक आहे. लिही.

सुपार्ती

•

बाताम, २ सप्टेंबर २०१९

म्बाक,

तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी केलं.

कसं केलं ते सांगतो, तुम्हाला समजून घ्यायचं असतं म्हणून. आयपी अॅड्रेस बदलू शकतो, पण प्रत्येक फोनला एक मॅक अॅड्रेस असतो, अंगावरच्या जन्मखुणेसारखा. तुमच्या फोनची जन्मखूण फायरवॉलच्या यादीत घातली आणि लिहिलं की या फोनचं बोलण्याचं अॅप सोडू नये. एवढंच. एकच ओळ.

का केलं तेही ऐका. लास्त्रीसाठी एजन्सीत जामीन मी राहिलो होतो. पोरगी परतली असती तर माझं तिथलं काम गेलं असतं. पण तेवढंच नाही. एजन्सीची रीतच आहे. नवीन पोरींना सुरुवातीला घरचा आवाज ऐकू देत नाहीत. आवाज ऐकला की रडं फुटतं, रडं बंद झालं की पोरगी रुळते. मी शेकडो रुळताना बघितल्या आहेत. मला वाटलं तुमचा स्वभाव असा, ती "येऊ का" म्हणाली की तुम्ही "आत्ता ये" म्हणणार. दोन-चार रविवार गेले की ती स्थिरावेल आणि मी ती ओळ काढून टाकीन. मग प्रत्येक आठवड्याला वाटायचं, अजून एकच.

हाताचं विचारलंत. उकळतं तेल सांडलं होतं. सांडलं की कुणी सांडलं हे तिने मला नीट सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

अठरा तारखेला ती सुट्टीला बाहेर पडली ती परतली नाही. मालकिणीने एजन्सीला कळवलं, तेव्हापासून मला माहीत आहे. तुम्हाला काय लिहावं कळत नव्हतं. आता हात जोडून सांगतो, गावात आवाज करू नका. कागदाशिवाय फिरते आहे, पोलिसांना कळलं तर तिलाच पकडतील. एजन्सी तिच्या पद्धतीने शोधते आहे.

यादीतली ती ओळ मी आज पुसली. तुमच्या फोनवर आता सगळं नीट चालेल.

मला माफ करा.
गुनार्तो

•

कालिसारी, सोमवार पाहिंग, ९ सप्टेंबर

गुनार्तो,

नीट चालेल. कुणाशी?

तुझं पत्र मार्सिहनेच वाचलं, कारण माझे डोळे चालत नव्हते. शेवटच्या ओळीवर आली तेव्हा म्हणाली, "माझा नवरा समुद्रात असतो, त्याचाही फोन असा कुणी बंद केला तर मी काय करीन?" मग म्हणाली, "मी त्याला घरात येऊ देणार नाही, सुपार्ती. तू दिलंस तरी मी देणार नाही."

मी सुई घातली. त्या बारीक भोकात. दिवे सगळे विझले, मग एकच लाल लागला. गाव ओरडत आलं. खादिम म्हणाला, बावीस घरांचं नुकसान केलंस. मी म्हटलं, केलं. दुसरा माणूस बोलवा, डबा मशिदीत ठेवा, किल्ली पेटीत ठेवा, सगळ्यांसमोर उघडा. माझ्या कपाटावर नको. ज्या यंत्राची किल्ली बातामला आहे ते मला घरात नको. एका म्हातारीने विचारलं, लास्त्रीचा फोन येतो ना गं? पहिल्यांदा मी गावासमोर म्हटलं, नाही येत. तीन महिने झाले, नाही येत.

तेव्हा आवाज करू नका हे मला शिकवू नकोस. आवाज झाला आहे.

माफी मागतोस. एका ओळीने केलं म्हणतोस, एकच ओळ. तू दहा ओळी लिहिल्या असत्या, सगळं गाव बंद केलं असतंस, तर मी तुला माफ केलं असतं. मला कळलं असतं तरी की काही बिघडलं आहे. तू फक्त मला बंद केलंस, आणि बाकी सगळं चालू ठेवलंस, म्हणजे मी समजावं की पोरगीच बोलत नाही. तिने समजावं की आईच बोलत नाही. दोघींना एकमेकींवर सोडलंस आणि मधे बसून पत्रं लिहिलीस. पॅकेट म्हणजे काय, पिंग म्हणजे काय. मी प्रत्येक शब्द गिरवून पाठ केला, दिक. मला वाटायचं हे शब्द आले की पोरीपर्यंत वाट सापडेल.

एजन्सी शोधते आहे म्हणतोस. एजन्सी पळालेल्या पोरीला शोधते ती कशाला, तुला माहीत आहे. परत मोरीपाशी निजवायला. मला एजन्सी नको. तू जायचं.

रविवारी सिंगापूरला आपल्याकडच्या कामाच्या पोरी ज्या मोठ्या बाजारासमोर पायऱ्यांवर बसतात, ती जागा तुला ठाऊक आहे, तूच लास्त्रीला दाखवली होतीस. तिथे जायचं. ड्युटी आहे, कागद लागतात, हे मला लिहायचं नाही. लास्त्रीचा फोटो घेऊन एकेकीला विचारायचं. आपल्या टेमांगगुंग जिल्ह्याच्या पोरी सापडतील, शेजारच्या वोनोसोबोच्या सापडतील, कुणाला ना कुणाला ती बाई माहीत असेल जिने काम सांगितलं. एजन्सीचं नाव काढायचं नाही. मामा म्हणूनही सांगू नकोस, मामाचं नाव ऐकून ती लपेल. म्हण, आईने पाठवलं आहे.

आणि ती भेटली की पहिलं वाक्य हे, दुसरं काही नाही: "मी दार लावलं होतं. तुझी आई दर रविवारी फोन मांडीवर घेऊन बसली होती." तुझ्या तोंडाने. पत्राने नाही, दुसऱ्या कुणाकडून नाही. ती तुला मारायला उठली तर मार खायचा.

पकडतील म्हणतोस. पकडू देत. वकिलातीत आपण होऊन घेऊन जा, तिचा हात धरून ओढत नाही, तिच्या मागे चालत. त्यांनी घरी धाडलं तर धाडू देत, मला ती घरीच पाहिजे. जामीन तू होतास, तुझं काम जायचं ते जाऊ दे.

हे पत्र मार्सिहचा भाचा उद्या सेमारांगच्या टपालात टाकतो आहे, आठवड्यात तुझ्या हाती पडेल. येत्या बावीस तारखेला रविवार क्लिवोन आहे, म्हणजे रविवारही आणि पाच दिवसांच्या बाजारफेरीतला क्लिवोनही. मी सकाळपासून पारकानच्या आरोग्य केंद्राच्या ओसरीवर बसते, रविवारी बाळंतिणींची खोली उघडी असते, तिथल्या बायका बसू देतात. मार्सिह बरोबर आहे. फोन माझ्या हातात आहे.

रविवार क्लिवोन. तिन्हीसांजेच्या मगरिबच्या बांगेआधी मला लास्त्रीचा आवाज ऐकू आला पाहिजे, पायऱ्यांवरच्या कुणाही पोरीच्या फोनवरून. तुझा फोन आला तर मी उचलणार नाही.

सुपार्ती